सव्वा मिलिमीटर पितळ

२० मार्च १८३० रोजी 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझला निघाली, तेव्हा उतारूंच्या खोल्यांतही कोळसा रचलेला होता. ४११ टनांची ही बोट मुंबईच्या गोदीतच बांधलेली होती. तिच्यात प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं होती आणि कप्तान होता जॉन विल्सन. तिच्या कोठारांत जेमतेम पाच-सहा दिवसांचा कोळसा मावे, आणि पहिला थांबा होता एडन, अकरा दिवसांच्या अंतरावर. एडनला पोचली तेव्हा तिचा कोळसा जवळजवळ संपलेला होता. पुढे मोखा, जेद्दा, कोसेर असे थांबे घेत ती २२ एप्रिलला सुएझला लागली. यातले कितीतरी दिवस नुसते कोळसा चढवण्यात गेले, आणि तो कोळसासुद्धा आधीच शिडाच्या जहाजांनी नेऊन ठेवलेला होता.

इतका कोळसा लागे याचं एक कारण तेव्हाच्या इंजिनांचा ओबडधोबडपणा. पण दुसरं कारण बॉयलरमध्ये होतं. तिथे उकळत होतं ते समुद्राचं खारं पाणी.

समुद्रात बसून समुद्राचंच पाणी का उकळायचं, हे समजण्यासाठी थोडं मागे, ग्लासगोला जावं लागेल. १७६३-६४च्या हिवाळ्यात जेम्स वॉटकडे विद्यापीठातलं न्यूकमेनच्या इंजिनाचं एक छोटं प्रतिरूप दुरुस्तीला आलं. त्या इंजिनात सिलिंडरमध्ये वाफ सोडायची, मग आतच थंड पाण्याचा फवारा मारून तिचं पाणी करायचं. वाफेचं पाणी झालं की आत पोकळी तयार होते आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्या खाली ढकलतो. पण प्रत्येक फेरीला गरम सिलिंडर थंड व्हायचा आणि पुन्हा तापवावा लागायचा. १७६५मध्ये वॉटला तोड सुचली. वाफ थंड करायची ती सिलिंडरमध्ये नाही, शेजारच्या वेगळ्या भांड्यात. ५ जानेवारी १७६९ रोजी त्याने त्याचं पेटंट घेतलं. हाच पहिला कंडेन्सर.

वॉटने सुरुवातीला हे भांडं बाहेरून, धातूच्या पातळ नळ्यांमधून थंड करून पाहिलं होतं. पण वाफेवर थेट पाण्याचा फवारा मारणं जास्त स्वस्त, आटोपशीर आणि भरवशाचं ठरलं. कारखाना नदीकाठी असेल तर त्यात काही बिघडत नव्हतं. वाफ आणि नदीचं पाणी एकत्र झालं, तरी दोन्ही गोडंच.

जहाजावर मात्र याचा हिशोब उलटा फिरला. एक किलो वाफ थंड करायला पंचवीस-तीस किलो पाणी फवारावं लागे. ते मिश्रण जवळजवळ समुद्राचंच पाणी, आणि बॉयलरला पुन्हा पाजायला दुसरं काही नसे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात. रोज पाणी तापवणाऱ्या हंड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो, तसाच थर या बॉयलरच्या पत्र्यांवर आणि नळ्यांवर धरे. फक्त तो काही दिवसांत बोटभर जाड होई. थराखालचा पत्रा पाण्याला नीट उष्णता देऊ शकत नसे, तो लाल होई आणि फुगे.

यावर इंजिनिअरांनी काढलेला उपाय म्हणजे ठरावीक वेळाने बॉयलरमधलं दाट खारं पाणी बाहेर समुद्रात सोडून द्यायचं. बॉयलरमधलं पाणी समुद्राच्या तिप्पट खारट होऊ द्यायचं ठरवलं, तर आत घेतलेल्या पाण्याचा एक तृतीयांश भाग उकळत्या अवस्थेत फेकून द्यावा लागतो. दुप्पटच होऊ द्यायचं, तर निम्मा. म्हणजे कोळसा जाळून तापवलेलं पाणी पुन्हा समुद्राला परत.

याहून वाईट म्हणजे यामुळे दाब वाढवता येत नव्हता. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम सल्फेट असतं आणि तापमान वाढतं तसं ते पाण्यात विरघळेनासं होतं. १४० अंश सेल्सिअसच्या आसपास जवळजवळ सगळंच पत्र्यावर दगडासारखं बसतं. म्हणून बॉयलरचा दाब चौरस इंचाला २५-३० पौंडांच्या वर नेण्यात अर्थच नव्हता. बहुतेक बोटी त्याच्याही खूप खाली चालत. इंजिनातून जास्त काम काढायचं तर दाब वाढवायला हवा, हे सगळ्यांना कळत होतं. अडसर होता तो मिठाचा.

मिठाच्या या कोंडीवर पहिला गंभीर हल्ला केला तो नॉटिंगहॅमशायरमधल्या बॅसफर्डच्या सॅम्युएल हॉलने. तो मूळचा कापडधंद्यातला. लेसवरचे तंतू गॅसच्या ज्योतीने जाळून ती स्वच्छ करण्याच्या यंत्राने त्याचं नाव झालं होतं. १८३४मध्ये त्याने वॉटने सोडून दिलेला मार्ग पुन्हा उचलला: शेकडो बारीक नळ्या, नळ्यांच्या एका बाजूला वाफ, दुसऱ्या बाजूला वाहतं समुद्राचं पाणी. दोघं शेजारी, पण भेट नाही. वाफेचं जे पाणी होईल ते शुद्ध, गोडं. तेच पुन्हा बॉयलरला. थोडीफार तूट भरून काढायला त्याने समुद्राच्या पाण्याचं ऊर्ध्वपातन करणारं भांडंही जोडलं.

त्याचे कंडेन्सर बसवलेली ७०३ टनांची 'सिरियस' ४ एप्रिल १८३८ रोजी आयर्लंडमधल्या कॉर्कहून निघाली आणि २२ एप्रिलला न्यूयॉर्कला पोचली. पण दुसऱ्याच दिवशी इंजिनिअर ब्रुनेलची मोठी आगबोट 'ग्रेट वेस्टर्न' तिथे दाखल झाली. ती चार दिवस उशिरा निघाली होती, तिच्या बॉयलरमध्ये जुन्या पद्धतीने खारंच पाणी होतं, आणि कोठारात जवळपास २०० टन कोळसा शिल्लक होता. लोकांनी काढलेला निष्कर्ष असा की मोठी बोट बांधा, नळ्यांचं जंजाळ कशाला.

हॉलच्या कंडेन्सरला खरा फटका बसला तो चरबीमुळे. सिलिंडरला वंगण म्हणून तेव्हा जनावरांची वितळवलेली चरबी घालत. वाफेबरोबर ती कंडेन्सरात येई आणि थंड नळ्यांवर गोठून बसे. चरबीचा थर धरला की नळी थंडावा देईना. बोटी बंदरात थांबवून हजारो नळ्या साफ करायच्या हे कोणत्याच मालकाला परवडणारं नव्हतं. 'ब्रिटिश क्वीन'सारख्या मोठ्या बोटीतही हॉलचे कंडेन्सर बसवले होते. हळूहळू ते काढून पुन्हा फवाऱ्याचे बसवण्यात आले. माझ्या मते हॉलची कल्पना चुकली नव्हती. तिला पूरक असं वंगण, पंप आणि नळ्या बनवण्याचं कसब अजून जन्माला यायचं होतं.

याच सुमारास मुंबईचे अर्देसर करसेटजी वाडिया इंग्लंडमध्ये होते. वाडिया घराण्याच्या जहाजबांधणीच्या परंपरेत वाढलेल्या अर्देसरांचा ओढा लाकडापेक्षा यंत्रांकडे होता; 'इंडस' ही छोटी आगबोट त्यांनी १८३३च्या सुमारास बांधली होती. १८३९मध्ये ते वाफेच्या इंजिनांचं शास्त्र शिकायला विलायतेला गेले, १८४१मध्ये रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले, आणि परत येऊन मुंबईतल्या सरकारी स्टीम फॅक्टरीचे मुख्य इंजिनिअर म्हणून त्यांनी कारभार हाती घेतला. गोऱ्या इंजिनिअरांवर हिंदी माणूस, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. अशा कारखान्यांच्या रोजच्या कामांतलं मोठं काम होतं बॉयलर थंड करायचे, आत माणसं उतरवायची आणि छिन्नी-हातोड्याने थर फोडून काढायचा. वाफेच्या युगाचं हे अंधारं, घामाचं काम कुठल्याही समारंभात दिसलं नाही.

वीस वर्षांनी परिस्थिती पालटली, आणि त्यात हिंदुस्थानच्या टपालमार्गाचा मोठा हात होता. टपाल नेणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींना एडन, मुंबई, सिलोनमधलं गॉल इथे लागणारा कोळसा ब्रिटनमधून शिडाच्या जहाजांनी यायचा. तिथे पोचेपर्यंत त्याची किंमत कित्येक पट झालेली असे. बचतीची गरज सर्वांत तीव्र होती ती याच मार्गावर. १८६१मध्ये सेवेत आलेल्या कंपनीच्या 'मुलतान' बोटीत एडवर्ड हम्फ्रीज याने नळ्यांचे कंडेन्सर आणि वाफ दोन टप्प्यांत वापरणारी इंजिनं बसवली. पुढच्याच वर्षी त्याने मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे या विषयावर निबंध वाचला. त्याआधी मँचेस्टरच्या जेम्स जूलने नळीच्या भिंतीतून वाफेची उष्णता पाण्यात किती वेगाने जाते याचे काटेकोर प्रयोग करून ठेवले होते. पाणी ढकलण्यासाठी चक्राकार फिरणारे सेंट्रिफ्यूगल पंपही आता मिळू लागले होते. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात अपोल्डच्या पंपाने लोकांना थक्क केलं होतं. हॉलला जे जे हवं होतं ते एक एक करून येत होतं. तो स्वतः १८६३मध्ये लंडनमध्ये हलाखीत वारला.

मिठाचा अडसर दूर होताच दाब भराभर चढला. १८६६मध्ये आल्फ्रेड होल्टची 'अगामेम्नन' ६० पौंडांच्या दाबावर लिव्हरपूलहून निघाली आणि मॉरिशसपर्यंतचा सुमारे साडेआठ हजार मैलांचा पल्ला वाटेत कोळसा न घेता गाठण्याची ताकद तिने दाखवली. तीन वर्षांनी सुएझ कालवा खुला झाला आणि चीन-हिंदुस्थानच्या व्यापारातून शिडाच्या जहाजांची सद्दी संपत गेली. १८८१मध्ये 'ॲबर्डीन'च्या तीन टप्प्यांच्या इंजिनाने १२५ पौंड गाठले. पन्नास वर्षांपूर्वी 'ह्यू लिंडसे'च्या खोल्यांत कोळसा भरावा लागला होता. आता तीच जागा मालाला आणि माणसांना मिळाली.

मधल्या काळात एक विचित्र संकट येऊन गेलं. गोडं पाणी मिळालेले बॉयलर खाऱ्या पाण्याच्या बॉयलरांपेक्षा लवकर कुजू लागले. चरबी उच्च तापमानाला फुटून तिची आम्लं तयार होत आणि क्षारांचा थर नसलेलं उघडं लोखंड ती खात. १८७४मध्ये ब्रिटिश नौदलाने यासाठी खास समिती नेमली. चरबीऐवजी खनिज तेल आणि बॉयलरमध्ये टांगलेल्या जस्ताच्या लाद्या, या दोन गोष्टींनी ते निभावलं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला कंडेन्सरचं रूप स्थिर झालं होतं. मोठं बंद पिंप, त्याच्या दोन टोकांना छिद्रांच्या जाड पितळी चकत्या, आणि त्या छिद्रांतून ओवलेल्या हजारो नळ्या. नळीचा बाहेरचा व्यास पाऊण इंच, भिंतीची जाडी जेमतेम सव्वा मिलिमीटर. नळ्यांच्या आतून समुद्र वाहतो, बाहेरून वाफ. तापल्यावर नळी लांबते म्हणून तिची टोकं घट्ट बांधून चालत नाही. दोऱ्याची किंवा फितीची गुंडाळी ठासून वर पितळी नट बसवत, म्हणजे नळी सरकू शकेल पण पाणी झिरपणार नाही. एक किलो वाफेसाठी आता साठेक किलो समुद्राचं पाणी लागे, कारण ते जेमतेम आठ-दहा अंशांनीच तापू द्यायचं.

ते पाणी जहाजाच्या तळाच्या छिद्रांतून येतं. खोल समुद्रात खालचं तोंड उघडतात. मुंबई बंदरासारख्या उथळ, गढूळ पाण्यात वरचं, नाहीतर चिखल आणि वाळू आत ओढली जाते. पुढे वेगवान युद्धनौकांवर तळाला पुढच्या दिशेने तोंड केलेला झोत-मार्ग आला. जहाज धावू लागलं की त्याच्या स्वतःच्या वेगानेच पाणी नळ्यांतून रेटलं जातं आणि पंप बंद ठेवता येतो. बंदरात, हळू चालताना किंवा मागे जाताना मात्र पंपच हवा. या पंपाला आणखी एक झडप असे, जहाजाच्या तळात साचणाऱ्या पाण्याकडे उघडणारी. जहाजाला भोक पडलं तर समुद्राऐवजी तळातलं पाणी ओढायला तोच सर्वांत ताकदवान पंप.

समुद्र किती थंड, यावर सगळं अवलंबून. उत्तर अटलांटिकच्या १० अंशांच्या पाण्यात वाफ २२ अंशांपर्यंत थंड करता आली, तर आत उरणारा दाब पाऱ्याचे फक्त २० मिलिमीटर. तांबड्या समुद्रात पाणीच ३० अंशांचं. वाफ ४२ अंशांच्या खाली येत नाही आणि दाब ६१ मिलिमीटरांवर अडतो. दट्ट्याच्या इंजिनाला हा फरक फारसा जाणवत नसे. चार्ल्स पार्सन्सच्या टर्बाइनला, म्हणजे वाफेच्या झोताने पाती फिरवणाऱ्या यंत्राला, तो फार जाणवला. १८९७च्या जूनमध्ये स्पिटहेडच्या नौदल संचलनात त्याची 'टर्बिनिया' ३४ नॉटच्या वेगाने युद्धनौकांच्या रांगांमधून सुसाट गेली, आणि नऊ वर्षांत 'ड्रेडनॉट'सारखं महाकाय जहाज टर्बाइनवर चालू लागलं. टर्बाइन वाफेचा शेवटचा थेंबभर दाबही कामाला लावतं, म्हणून त्याला खोल पोकळी हवी. म्हणजेच मोठे कंडेन्सर आणि जास्त वेगाने वाहणारं पाणी.

इथे पितळेने मान टाकायला सुरुवात केली. तांब्यात जस्त मिसळलेल्या नळ्यांतून समुद्र जस्त तेवढं धुऊन नेई आणि मागे उरे लालसर, स्पंजासारखं तांबं. एक टक्का कथील घातलेलं 'ॲडमिरल्टी पितळ' यावर बऱ्यापैकी टिकलं. पण वेग वाढला तसं पाण्याबरोबर आलेले हवेचे बुडबुडे नळीच्या तोंडापाशी आपटून संरक्षक थर खरवडू लागले. एखाद्या नळीला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं की पोकळी नळीतला समुद्र वाफेच्या बाजूला ओढून घेई. जुन्या जाड बॉयलरांनी थोडं मीठ सोसलं असतं; नव्या, बारीक नळ्यांच्या, उच्च दाबाच्या बॉयलरांना ते अजिबात सोसत नव्हतं.

इंजिन खोलीत याविरुद्ध रोजची लढाई चाले. पाण्याच्या नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. दुधासारखं झालं की मीठ शिरलं. मग कंडेन्सरचं झाकण उघडून, आत पोकळी ठेवून, एकेका नळीच्या तोंडाशी मेणबत्ती धरायची. ज्योत आत ओढली गेली ती नळी फुटकी. तिच्या दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या. थांबायला वेळच नसेल तर पंपाच्या तोंडाशी लाकडाचा भुसा सोडायचा. पोकळीच तो भुसा ओढून छिद्रात ठासून बसवी, काही तासांपुरता का होईना.

पहिल्या महायुद्धात, १९१४च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, या छिद्रांनी ब्रिटिश नौदलाला खरोखर घोर लावला. २७ ऑक्टोबरला 'ऑडेशस' ही युद्धनौका सुरुंगाने बुडाली होती. त्याच सुमारास ॲडमिरल जेलिको यांचं स्वतःचं ध्वजजहाज 'आयर्न ड्यूक' आणि 'एजॅक्स' ही दोन्ही गळक्या कंडेन्सरांनी त्रस्त होती, 'ओरायन'च्या टर्बाइनमध्ये दोष होता, 'काँकरर' दुरुस्तीला गेलेली. जर्मन ताफ्यावरची संख्येची आघाडी किती निसटती उरली होती, हे जेलिको यांनी पुढे आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं. शत्रूचा गोळा न लागता जहाजं लढाईतून बाद होत होती. नौदलातल्या लोकांनी या दुखण्याला आजारासारखं नावच दिलं होतं, 'कंडेन्सरायटिस'.

लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्सने युद्धाच्या आधीच गाय बेंगफ यांच्याकडे याचा अभ्यास सोपवला होता. खऱ्या समुद्राच्या पाण्यात, वर्षानुवर्षं, नळ्यांचे नमुने ठेवून त्यांनी गंजण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या केल्या. बुडबुड्यांच्या माऱ्याचं महत्त्व १९२०च्या दशकात स्पष्ट झालं. मग दोन टक्के ॲल्युमिनिअम घातलेलं पितळ आलं, आणि ७० भाग तांबं व ३० भाग निकेल यांचा मिश्रधातू. दुसऱ्या महायुद्धात हेच धातू कामाला आले. बंदुका, चिलखत, वेग यांबद्दल लिहिताना इतिहासकार या धातूंना क्वचितच जागा देतात; मला ते अन्यायाचं वाटतं.

या सगळ्या ज्ञानाचा एक धागा पुन्हा मुंबईत आला. माझगाव गोदीत बांधलेली युद्धनौका 'आयएनएस नीलगिरी' ३ जून १९७२ रोजी नौदलात दाखल झाली. दोन बॉयलर, दोन टर्बाइन, ३०,००० अश्वशक्ती आणि अर्थात दोन मोठे कंडेन्सर. तिच्यामागून याच गोदीतून 'हिमगिरी'पासून 'विंध्यगिरी'पर्यंत आणखी पाच बाहेर पडल्या. अशा जहाजांच्या इंजिन खोल्यांतली माणसं लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी'मध्ये शिकून येत. कंडेन्सरच्या पाण्यातलं मीठ मोजणं तिथल्या पहिल्या धड्यांपैकी. व्यापारी जहाजांनी तोवर डिझेल स्वीकारलं होतं. वाफेवरची विमानवाहू नौका 'विराट' मार्च २०१७मध्ये मुंबईतच निवृत्त झाली.

वाफ मात्र समुद्रातून गेलेली नाही. अणुपाणबुडीत भट्टीची जागा अणुभट्टीने घेतली, तरी टर्बाइनमधून निघालेली वाफ थंड करायला समुद्राचंच पाणी लागतं; भारताच्या 'अरिहंत'लाही. पाणबुडीत यात नवा धोका मिसळला. जहाजाच्या कंडेन्सरात येणाऱ्या समुद्राचा दाब थोडाच असतो, पण तीनशे मीटर खोलीवर तो हवेच्या दाबाच्या तीसपट होतो आणि तोच दाब पाणबुडीच्या पोटातल्या नळांवर येतो. १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची अणुपाणबुडी 'थ्रेशर' १२९ माणसांसह बुडाली. चौकशीत सर्वांत संभाव्य कारण ठरलं ते समुद्राचं पाणी वाहणाऱ्या नळाचा निखळलेला सांधा. त्यानंतर अमेरिकी नौदलाने पाणबुडीतल्या समुद्राच्या पाण्याच्या प्रत्येक नळाचा, झडपेचा आणि सांध्याचा धातू, जोडणी व तपासणी कागदोपत्री सिद्ध करण्याची सक्ती केली, आणि त्या यादीत कंडेन्सरला पाणी पुरवणारे नळही आले.